घाटाखालची कॉफी

चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की गाविलगडच्या डोंगरातलं हेच नाव निघतं. आणि घाट उतरून परतवाड्याच्या स्टँडवर कॉफी मागा, तर टपरीवाला म्हणतो, "काफी हाय, पन दुधातली." मग गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, दुधात तयार कॉफीची एक पुडी फोडली जाते. हे असं का, त्याचं अर्धं उत्तर इतिहासात आहे, अर्धं विहिरीत.

१८२३ मध्ये हैदराबाद फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. उन्हाळ्यात वऱ्हाडात होरपळणाऱ्या गोऱ्या साहेबांना थंड जागा सापडली, आणि पुढे त्यांच्याच काळात इथे कॉफी आली. डोंगरावरची ही कॉफी खालच्या काळ्या मातीत उतरलीच नाही. खाली कापूस होता.

कापसाचा आणि प्रवासातल्या कॉफीचा एक आडवळणाचा संबंध मात्र आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच युद्धात उत्तरेकडच्या फौजेतल्या शिपायाला वर्षाला सुमारे ३६ पौंड, म्हणजे सोळा किलोंवर कॉफी मिळे. मुक्काम पडला की दाणे कुटायचे आणि टिनाच्या डब्यात उकळायचे. हा खटाटोप वाचावा म्हणून कॉफी, दूध आणि साखर एकत्र आटवून वंगणासारखा घट्ट लगदा डब्यांतून दिला गेला. शिपायांनी तो नाकारला. त्यांची जीभ शाबूत होती म्हणायची!

तयार कॉफी, म्हणजे नुसती विरघळवून प्यायची पूड, खरी रुजली ती १९३८ नंतर. ब्राझीलकडे न खपलेल्या कॉफीचे ढीग साचले होते. त्यातून नेसकॅफे बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात गेली. फौजेसाठी सोयीची वस्तू एसटी स्टँडलाही सोयीचीच. दक्षिणेतल्या फिल्टरला वेळ लागतो, ताजी पूड लागते आणि डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, संपवणारं गिऱ्हाईकही लागतं. आमच्या खेड्यात गिऱ्हाईक चहाचं. इंडियन कॉफी हाऊस नागपूरपर्यंत आलं, शहरातच थांबलं. घरी कॉफी म्हणजे जायफळ घालून दुधात उकळलेली, आणि लग्नात 'एक्स्प्रेसो'. त्या मशीनची वाफ फक्त दूध फेसाळते. इटलीतल्या एस्प्रेसोशी तिचं नातं नावापुरतंच. पण माघातल्या रात्री वरातीत तो कागदी पेला हातात आला की तक्रार करवत नाही.

आता विहीर. परतवाड्याहून अंजनगाव, दर्यापूर करत मूर्तिजापूरला जाताना तुम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात शिरता. अचलपूर-मूर्तिजापूर ही शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडीही याच पट्ट्यातून धावायची. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. काळ्या कॉफीत पाणीच अठ्ठ्याण्णव टक्के असतं, त्यामुळे चव तिथेच बिघडते. पाण्यात बायकार्बोनेट हा क्षार जास्त असेल तर कॉफीतला नाजूक आंबटपणा मरतो आणि घोट सपाट, मातकट लागतो. वाण, शहानूरसारख्या धरणांचं पाणी नळाला येऊ लागल्यापासून बऱ्याच गावांचं बरं झालंय. टपरीवरच्या माठात कुठलं पाणी आहे, ते मात्र विचारावंच लागतं. टपरीवर दूध-साखरेचा मारा का असतो, हे मला त्या पाण्याचा एक घोट घेतल्यावर कळलं.

म्हणून माझ्या थैलीत यंत्र नसतं. स्टीलचा छोटा फिल्टर, घट्ट झाकणाच्या डबीत पूड आणि चिखलदऱ्याहून भरून घेतलेलं दोन लिटर पाणी. पंधरा ग्रॅम पुडीला पाव लिटर पाणी, एवढंच माप. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी फुटली की सरळ ओतायचं. खाली दर्यापूरला ते ९९ पर्यंत जातं, म्हणून भांडं उतरवून मिनिटभर थांबायचं. टपरीवाल्याला स्टोव्ह मागितला तर तो देतो. पैसे घेत नाही, पण एक चहा घ्यावाच लागतो.