बागेभोवतीची बेणणी शिमग्यानंतर नको, दिवाळीनंतर सांगा
(आमच्या बागायतदार ग्राहकांसाठी)

फेब्रुवारी संपत आला की आम्हाला फोन सुरू होतात. "शिमग्याला गावी येतोय, तेव्हा समोर उभं राहून गवत काढून घेतो." मुंबई-पुण्याहून बाग सांभाळणाऱ्यांची अडचण आम्हाला कळते, रजा तेव्हाच मिळते. पण दापोली, मंडणगड, खेड या उत्तर रत्नागिरीच्या पट्ट्यात शिमग्यापर्यंत राखून ठेवलेल्या बेणणीला, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून बागेभोवतीचा पट्टा गवत काढून मोकळा करण्याला, वेळ जास्त लागतो, पैसे जास्त लागतात आणि तोवर बाग वणव्याला उघडी राहते ती राहतेच.

आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरचं, गवत कमरेएवढं वाढतं आणि ऑक्टोबरच्या उन्हापासून वाळायला लागतं. दिवाळीनंतर ते वरून पिवळं पण बुडात ओलसर असतं. तेव्हा कापलं की पुन्हा फुटत नाही, पेंढ्या नीट बांधता येतात आणि गुरंवाले ते घेऊनही जातात. गणपतीच्या सुट्टीत कापून घेतलं, तर जमिनीत ओल असल्याने पुन्हा फुटतं आणि दुसऱ्यांदा मजुरी पडते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंतचा काळ आम्ही या कामासाठी राखून ठेवतो. वनविभागसुद्धा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतो आणि स्वतःच्या जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) त्याआधी उरकायला बघतो.

मार्चमध्ये तेच गवत हातात घेतलं की चुरा होतो. पेंढी बांधता येत नाही, गुरांना चालत नाही, सगळा पाचोळा दाताळ्याने ओढून गोळा करावा लागतो. त्यात ग्रासकटरचं लोखंडी पातं कातळाला किंवा गडग्याच्या (हद्दीच्या दगडी बांधाच्या) दगडाला घासलं की ठिणगी उडते. वाळक्या गवतात एवढी ठिणगी पुरते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यानंतर आम्ही लोखंडी पातं लावत नाही. कोयता-विळ्याने किंवा नायलॉन दोरीने, सकाळी उन्हं चढायच्या आत काम करतो आणि पाण्याचा पंप पाठीवर घेऊन एक गडी सोबत उभा ठेवतो. चार-पाच तासांत थांबावं लागतं. "मशीन आहे ना, मग दिवस का वाढले?" असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर हे आहे. दर त्यामुळेच वाढतो आणि तो आम्ही कमी करणार नाही.

"कापून तिथंच पेटवून द्या, लगेच मोकळं होईल," हीही मागणी असते. आम्ही पेटवत नाही, कितीही ओळखीचे ग्राहक असले तरी. हद्दीला जंगल लागून असेल आणि आग राखीव वनात गेली, तर भारतीय वन अधिनियम 1927 खाली तो गुन्हा आहे. राब भाजणाऱ्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणाऱ्या, शेजाऱ्यांशीही आधी बोलून ठेवा. भाजणी वारा पडलेला असताना, बाजूची जागा साफ करून, पाणी जवळ ठेवून आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत माणूस उभा करून झाली, तर निम्मी काळजी मिटते.

वाऱ्याचं गणित बागेप्रमाणे बदलतं, म्हणून आम्ही सगळीकडे सारखा पट्टा काढत नाही. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून कोरडा येतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुटायला उशीर झाला की सडा तापून निघतो. 28 मार्च 2017 ला शेजारच्या रायगडातल्या भिऱ्याला 46.5 अंशांची नोंद झाली होती, आणि तेव्हा एप्रिलसुद्धा उजाडला नव्हता. किनारपट्टीवर पारा 37 च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. अशा दिवशी दुपारी खारा वारा जोरात सुटला की पश्चिम उतारावरची आग सरळ वर चढते. चढावर आगीचा वेग सपाटीपेक्षा खूप जास्त असतो. म्हणून पश्चिमेला आणि उताराच्या खालच्या अंगाला आम्ही वीस फूट काढतो, बाकी बाजूंना दहा. वरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्याखालीही साफ करतो. "वरच्या बाजूला घर आहे, तिथं जास्त काढा," असं ग्राहक म्हणतात. घर वाचवायचं असेल तर पट्टा खालीच रुंद हवा.

हापूसवाल्यांचा एक प्रश्न नेहमी येतो: झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवायचं की नाही? ठेवा. ओल टिकते, आणि तापलेल्या जमिनीची झळ फळाला लागून साका होतो (आतला गर खराब होतो), तेही कमी होतं. फक्त खोडापासून दोन हात मोकळे सोडा आणि हद्दीच्या पट्ट्यावर काडीही ठेवू नका. गावातल्या कुणाकडून कापून घेऊन गवत गडग्याला टेकवून रचलेलं आम्हाला फार ठिकाणी दिसतं. बाहेरची आग त्या ढिगावरून आत येते. कापणीच्या पैशातच गवत उचलून नेण्याचं ठरवून घ्या. आमच्या दरात ते धरलेलंच असतं.

फळपीक विम्यावर विसंबू नका. त्याची भरपाई पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदींवर ठरते. डोंगरावरून आलेली आग त्या नोंदींत दिसत नाही.

वणवा दिसला तर वनविभागाला 1926 वर किंवा 112 वर लगेच कळवा, आम्हाला त्यानंतर.

यंदाचं काम दसऱ्यापर्यंत नोंदवणाऱ्यांना डिसेंबरातली तारीख देतो. नोंदवताना सातबारा, हद्दीचा कच्चा नकाशा आणि पश्चिम बाजूचे दोन-तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तुम्ही गावी नसलात तरी चालेल. काम सुरू करण्याआधीचे आणि संपल्यावरचे फोटो पाठवल्याशिवाय आम्ही उरलेले पैसे मागत नाही. जानेवारीत काढलेला पट्टा मार्चअखेर पुन्हा एकदा फिरून बघतो आणि पडलेला पालापाचोळा काढतो. त्या फेरीचे पैसे वेगळे घेत नाही.