दुरून चालवलेले ड्रोन आणि स्वतः निवड करणारे शस्त्र

ऑपरेशन सिंदूरनंतर विदर्भातल्या गावांमध्येही ड्रोनयुद्धाची चर्चा होऊ लागली आणि तिच्यात प्रत्येक लष्करी ड्रोनला सर्रास ‘एआयवाले’ म्हटले जाते. वास्तविक, आत वैमानिक नसणे वेगळे आणि कोणाला मारायचे हे माणसाने न ठरवणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली की परक्या देशात जाऊन केलेल्या लष्करी हस्तक्षेपाचा जाब कोणाला विचारायचा, हेच कळेनासे होते.

हा फरक वावरातही दिसतो. पऱ्हाटीवर फवारणी करताना ड्रोन चालवणारा धुऱ्यावर उभा राहून रिमोटवर वावराची हद्द आखून देतो; मग ते जीपीएसच्या आधारे ओळीओळीने फिरते आणि टाकीतले औषध संपत आले की परत येते. ते आपले आपण उडते, पण कुठे फवारायचे हे माणसाने आधीच ठरवलेले असते. कॅमेऱ्याने तण ओळखून तेवढ्यावरच औषध सोडणाऱ्या यंत्राकडे मात्र निवडही सोपवलेली असते.

2001 पासून अफगाणिस्तानात हल्ले करणारे अमेरिकेचे प्रीडेटर ड्रोन पहिल्या प्रकारचे होते. दूरवर बसलेला माणूस पडद्यावर चित्र पाहून क्षेपणास्त्र सोडायचा. माणूस असला म्हणजे चूक टळते, असे अजिबात नाही. 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये अशाच हल्ल्यात 10 निरपराध नागरिक मारले गेले, त्यांत 7 मुले होती. अमेरिकेने चूक कबूल केली, पण कोणालाही शिक्षा केली नाही, आणि हा अन्यायच आहे. तरीही तिथे ‘तुम्ही काय पाहिले आणि हल्ल्याचा निर्णय का घेतला’ असे विचारण्यासाठी समोर माणसे होती.

दुसऱ्या प्रकारासाठी लिबियाकडे पाहावे लागते. 2011 मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक 1973 नंतर नाटोने तिथे हवाई हल्ले केले. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता. आपले सैनिक जमिनीवर लढत नाहीत, हाही मुद्दा पुढे करून ओबामा सरकारने त्या मोहिमेला अमेरिकी संसदेच्या मंजुरीची गरज नसल्याचे सांगितले. स्वतःच्या जवानांचा जीव धोक्यात नसला की हस्तक्षेप किती सोपा होतो, हे तेव्हाच दिसले होते. पुढे त्याच देशातल्या यादवीत बाहेरच्या सत्तांची शस्त्रे येत राहिली. 2020 मध्ये तिथे वापरलेले तुर्की बनावटीचे कार्गू-2 हे हल्ला करणारे ड्रोन चालकाशी संपर्क नसतानाही हल्ला करू शकेल अशा रीतीने तयार केले होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2021 च्या अहवालात नोंदवले. त्याने कोणाचा जीव घेतल्याचे मात्र अहवालात स्पष्ट म्हटलेले नाही.

अशा यंत्राने पाठीवर फवारणी पंप घेतलेल्या माणसाला शस्त्रधारी समजले, तर तीच प्रणाली बसवलेले प्रत्येक यंत्र तीच चूक करू शकते. मग दोष प्रणाली लिहिणाऱ्याचा, ती विकणाऱ्याचा की सोडणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा?

म्हणून कोणत्याही शस्त्राविषयी लक्ष्य कोणी निवडले आणि शेवटच्या क्षणी हल्ला थांबवता येतो का, हे आधी विचारावे. नागपूर परिसरात तयार होणाऱ्या नागास्त्र-1 या लक्ष्यावर जाऊन आदळणाऱ्या ड्रोनचा हल्ला रद्द करून ते पॅराशूटने उतरवता येते. ही सोय मला त्याच्या मारक क्षमतेपेक्षा महत्त्वाची वाटते.

डिसेंबर 2023 मध्ये स्वयंचलित शस्त्रांविषयीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले. ही चर्चा जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रास्त्रविषयक कराराच्या चौकटीतच व्हावी, अशी आपली भूमिका आहे. तिथे अजून बंधनकारक नियम झालेला नाही.