एका नोकरीत किती वर्षे? गिरणीतल्या बदलीपासून मुदतीच्या करारापर्यंत

नोकरी बदलण्यावरून घराघरांत जे वाद होतात, त्यांत वडीलधाऱ्यांचे एक गृहीतक हमखास असते. पूर्वी माणूस एकदा कुठे चिकटला की निवृत्तीपर्यंत तिथेच राहत असे आणि हल्लीच्या मुलांना मात्र दोन वर्षांच्या वर एका जागी करमत नाही, असे ते गृहीतक. यातील ‘पूर्वी’ हा काळ नेमका कोणता, हे तपासून पाहिले, तर मुंबई-पुण्याच्या औद्योगिक इतिहासात तो फार लांब भरत नाही. साधारणपणे १९४०च्या दशकात त्याची सुरुवात झाली आणि १९८०च्या दशकात तो ओसरू लागला. त्याच्या आधीही माणसे नोकऱ्या धरत-सोडत होती आणि तेव्हाचे मालकही कामगार टिकत नाहीत म्हणून कुरकुरत होते. बदलत गेला तो माणसांचा स्वभाव नव्हे. टिकून राहण्याचा फायदा कुणाला आणि सोडून जाण्याचा भुर्दंड कुणाला, याचे नियम बदलत गेले.

मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढल्या चार दशकांत गिरणगाव वाढत गेले, तसा रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून माणसांचा ओघ मुंबईत येत राहिला. या माणसांचे कुटुंब आणि जमिनीचा तुकडा गावीच असे. पेरणीला, शिमग्याला, लग्नसराईला ती गावी जात आणि परतल्यावर पुन्हा त्याच गिरणीत लागतील याची खात्री नसे. १९०८च्या फॅक्टरी कामगार आयोगापुढे मालकांनी या खाड्यांचा आणि ये-जा करण्याचा पाढा वाचला. हा कामगार मुळात शेतकरीच, त्याला यंत्राची शिस्त नाही, असा सूर त्या काळच्या अनेक साक्षींत ऐकू येतो. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. कामगार शहराकडे ओढला जात नाही, खेड्यातून ढकलला जातो, असे त्याचे निरीक्षण होते आणि ते मला मालकांच्या तक्रारींपेक्षा कितीतरी अधिक पटण्याजोगे वाटते. जो पोटासाठी ढकलला गेला आहे, तो चांगली नोकरी हौसेने सोडत नाही. ती नोकरी त्याला धरून ठेवण्याजोगी आहे का, हा खरा प्रश्न होता.

तशी ती नव्हती, कारण नोकरी गिरणी देत नसे, जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम देत असे. माणसे भरणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, त्यांना काढणे, अडीअडचणीला कर्ज देणे किंवा मिळवून देणे, हे सारे त्याच्याच हातात होते. कामावर लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई. म्हणजे माणूस जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा जॉबरची कमाई. एखादा जॉबर गिरणी सोडून दुसरीकडे गेला, तर त्याच्या गावची माणसेही त्याच्यामागे जात. त्यामुळे एका नोकरीतील वर्षे मोजायची तर ती गिरणीतली मोजायची की जॉबरच्या हाताखालची, हेच ठरवणे अवघड जाते.

कामगाराला बांधून ठेवण्याचा मालकांचा त्या काळचा उपाय साधा आणि कडक होता, तो म्हणजे पगार थकवून ठेवणे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर मिळे आणि न सांगता नोकरी सोडणाऱ्याला त्या थकलेल्या रकमेवर पाणी सोडावे लागे. ही बेडी किती नाजूक होती, हे १८९६-९७च्या प्लेगने दाखवून दिले. शहर रिकामे होऊ लागले, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली आणि मालकांना रोजच्या रोज पगार चुकता करणे भाग पडले. नाक्यानाक्यांवर मजुरांची बोली लागत असे आणि शेजारच्या गिरणीने थोडे जास्त देऊ केले की सकाळी इथे असलेला कामगार दुसऱ्या दिवशी तिथे असे. साथ ओसरल्यावर पगार पुन्हा थकवून दिला जाऊ लागला. त्याला कायद्याची मर्यादा पडली ती १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमाने. हजारांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिना संपल्यानंतर सात दिवसांत आणि मोठ्या ठिकाणी दहा दिवसांत पगार देणे त्याने बंधनकारक केले.

गिरणीच्या दारात रोज सकाळी घडणारा एक प्रकार इथे नोंदवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या कायद्यांचे मूळ त्यात आहे. पाळीचा भोंगा होण्याआधी फाटकाशी बदली कामगार जमत. कायम कामगारांपैकी आज कुणाचा खाडा आहे, हे हजेरीवरून कळले की तेवढ्या बदलीवाल्यांना आत घेतले जाई. ज्याचा नंबर लागला त्याला त्या दिवसाची मजुरी, बाकीच्यांनी दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे धाव घ्यायची किंवा घरी जायचे. आत कुणाला घ्यायचे हे जॉबर ठरवी, त्यामुळे तिथेही चिरीमिरी आलीच. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. ठरावीक बदली कामगारांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचे, त्यांनी रोज हजर राहायचे आणि जागा रिकामी असेल तर आधी त्यांनाच घ्यायचे. यात जॉबरचा हात थोडा आखडला आणि कामगाराची हजेरी कागदावर आली. तरीही वर्षानुवर्षे बदलीच राहिलेली माणसे गिरणगावात शेवटपर्यंत होती.

कायम नोकरीचा पाया घातला गेला तो पुढच्या काही वर्षांत. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात भविष्य निर्वाह निधी १९२० साली आणि निवृत्तीच्या वेळची ग्रॅच्युइटी १९३७ साली सुरू झाली होती. परंतु हा एका मालकाचा निर्णय होता. १९४६च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांच्या, कायद्याने कामगारांचे कायम, परिविक्षाधीन (चाचणी काळातले), बदली, तात्पुरते, नैमित्तिक असे वर्ग लेखी ठरवणे बंधनकारक केले. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली भर पडली आणि कामगारकपात करताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून देणे आले. १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, ज्याला कामगार नुसते ‘फंड’ म्हणतात. आता सर्व्हिसच्या प्रत्येक वर्षाला किंमत आली. नोकरी सोडणे म्हणजे साठत आलेले काहीतरी मागे टाकून जाणे, ही भावना याच काळातली. त्यात वारसाची चाल मिसळली. बाप निवृत्त झाला की मुलाला त्याच गिरणीत चिकटवता येई. पालिकांच्या सफाई कामगारांबाबत लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाच्या नियुक्तीला रीतसर मान्यताच दिली आणि ती आजही लागू आहे.

या व्यवस्थेचा कणा मात्र एका आकड्यावर उभा राहिला, तो म्हणजे २४० दिवस. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार मागील बारा महिन्यांत अखंड २४० दिवस काम केलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करायचे असते; हंगामी उद्योगात हा आकडा १९० आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा संरक्षणाचा उंबरठा होता. कारखान्यांच्या कार्मिक विभागांनी तो कॅलेंडरवरची तांबडी खूण मानला. सहा-सात महिने भरत आले की कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा, महिना-दोन महिने घरी बसवायचे आणि मग नव्या नेमणूकपत्रावर पुन्हा घ्यायचे, ही रीत पिंपरी-चिंचवडपासून नाशिक-अंबडपर्यंत सगळ्या औद्योगिक वसाहतींत ओळखीची आहे. अशा माणसाची कागदावरची नोकरी सात महिन्यांची, प्रत्यक्षात तो त्याच मशीनवर आठ-आठ वर्षे असतो. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. परंतु हेतू सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर, आणि तारखा पडत राहतात.

दुसरा उंबरठा पाच वर्षांचा. १९७२च्या उपदान प्रदान अधिनियमाने, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या कायद्याने, पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देऊ केला आणि महिना सव्वीस दिवसांचा धरला. ज्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहे, त्याचे पंधरा दिवसांचे १५,००० होतात आणि पाच वर्षे भरली की हाती ७५,००० पडतात. साडेचार वर्षांनी निघणाऱ्याला यातला एक रुपयाही मिळत नाही. पाचव्या वर्षातील २४० दिवस भरले तरी पुरे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे, पण असे दावे बहुधा भांडूनच मिळवावे लागतात. पगारवाढ देणारी नवी नोकरी समोर असताना ‘पाच वर्षे भरू देत, मग बघू’ असे म्हणणारे लोक या कायद्यानेच घडवले.

सरकारी आणि बँकेच्या नोकरीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिथे निवृत्तिवेतन होते आणि सोडून जाण्याचे कारण नव्हते. लक्षात ठेवायची ती एक तारीख. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना महाराष्ट्राने बंद केली आणि मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली कर्मचारी संपावर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोधामुळे ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत ज्या वयाची मुले वर्षेच्या वर्षे काढतात, त्याच वयाची मुले हिंजवडीत दर दोन वर्षांनी कंपनी बदलतात, तेव्हा पिढीच चंचल झाली हे म्हणणे टिकत नाही.

गिरण्यांचे पर्व १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मोडले. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, हजारोंना परत घेतले गेले नाही आणि कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांवर सरकले, जिथे मजुरी मीटरवर मिळते आणि सर्व्हिस असा काही हिशेबच नसतो. पुढे बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे दाखवणे आवश्यक ठरले. ज्यांनी हजेरीपत्रकाचा तुकडा किंवा फंडाची पावती ट्रंकेत जपून ठेवली होती, त्यांना अर्ज करता आला.

संपानंतर मोठ्या कारखान्यांनी कायम माणसे काढण्याऐवजी त्यांनी आपण होऊन जावे अशी तजवीज केली. कारण काढणे अवघड होते. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी १९७६ पासून लागत होती आणि पुढे दुरुस्तीने तो आकडा १०० वर आला. स्वेच्छानिवृत्तीला परवानगी लागत नसे. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी या मार्गाने बाहेर पडले. रिकाम्या जागा बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराच्या माणसांनी भरल्या गेल्या. मालक तोच, फाटक तेच, पण कामगाराच्या कागदावर नाव कंत्राटदाराचे. कंत्राट बदलले की सेवा पुन्हा शून्यापासून.

माहिती तंत्रज्ञानातल्या नोकरीत उलट घडले. तिथे सोडण्याचा निर्णय प्रथमच मोठ्या प्रमाणावर नोकरदाराच्या हाती आला. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात मिळणारी वाढ आणि नव्या कंपनीत जाताना मिळणारी वाढ यांत इतकी तफावत असते, की जागेवर थांबणारा मागे पडतो. कंपन्यांनी यावर नव्वद दिवसांच्या नोटिशीचा उपाय शोधला. पगार थकवण्याच्या जुन्या युक्तीचा हा नातेवाईकच म्हणायचा. त्यातून पळवाट अशी निघाली, की आधी पेपर टाकायचा, म्हणजे राजीनामा द्यायचा, आणि नोटिशीच्या तीन महिन्यांत आणखी दोन ऑफर मिळवायच्या. २०१४ पासून फंडासाठी एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागल्याने कंपनी बदलल्यावर फंड वळता करण्याची कटकटही कमी झाली. २०२२च्या मध्यास वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण इन्फोसिसमध्ये २८.४ टक्क्यांवर आणि सप्टेंबर तिमाहीअखेर टीसीएसमध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. मार्च २०२४ मध्ये हेच आकडे १२.६ आणि १२.५ टक्के होते. दीड-दोन वर्षांत कुणाच्या अंगी अचानक निष्ठा बाणत नसते. बाजारातल्या ऑफर आटल्या होत्या, एवढेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वर सांगितलेल्या उंबरठ्यांपैकी काही हलले. कपातीच्या पूर्वपरवानगीची मर्यादा पुन्हा ३०० वर गेली. २०१८ पासून सर्व उद्योगांना खुली झालेली मुदतीच्या कराराची नेमणूक आता संहितेतच आली. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ द्यायचे आहेत आणि एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. करार संपला की त्याचे जाणे ही कपात मानली जात नाही, म्हणून भरपाई नाही आणि परवानगीही नाही. कायम कामगाराला मात्र ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. म्हणजे एकाच खात्यात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी दीड वर्षानंतर नोकरी संपली तर मुदतीचा माणूस ग्रॅच्युइटी घेऊन जाईल आणि कायम माणूस तिच्याविना. आणि पंधराव्या वर्षी नोकरीवर असण्याची शक्यता त्या दोघांपैकी कायम माणसाचीच अधिक राहील.