डेटिंगच्या सदरातला ‘मी’ आणि स्टेजवरचा ‘मी’

एखादी बाई वर्तमानपत्रात डेटिंगवर सदर लिहिते आणि रात्री स्टेजवर स्टँड-अप कॉमेडीही करते असं कळलं, की लोक दोन्हींची एकच मोट बांधतात. “तेच किस्से ना? एकदा लिहायचे, एकदा बोलायचे.” मुलाखत घेणारे हे म्हणतात तेव्हा मी सोडून देते. दोन्ही करणारे स्वतःच मान डोलावतात तेव्हा मात्र चिडचिड होते. किस्से तेच असतील, पण काम तेच नाही.

स्टँड-अप तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे जोक कसा रचतात, प्रेक्षकांशी छेडछाड कशी करतात यावर मी वेळ घालवत नाही. लेखाची लांबी, मानधन, समोर माणसं असणं-नसणं हे फरकही उघड आहेत. सदराबद्दल एक किरकोळ घोळ तेवढा निस्तरते. डेटिंगचं सदर म्हणजे सल्ल्याचं सदर नव्हे. सल्ल्याचं सदर फार जुनं: लंडनच्या ‘अथेनियन मर्क्युरी’त १६९१ पासून वाचक नाव न देता प्रश्न पाठवत आणि त्यांना छापील उत्तरं मिळत. तिथे अडचण वाचकाची असते. डेटिंगच्या सदरात अडचण लिहिणारीचीच असते आणि तोडगा बहुधा कुणाकडेच नसतो. ब्रिटिश लेखिका डॉली ऑल्डर्टन यांनी ‘संडे टाइम्स’मध्ये दोन्ही केलं, आधी स्वतःच्या डेटिंगवर लिहिलं आणि काही वर्षांनी वाचकांच्या पत्रांना उत्तरं दिली. ती दोन वेगळी सदरं होती.

आता खरी मेख. सदरातला ‘मी’ आणि स्टेजवरचा ‘मी’ यांनी ऐकणाऱ्याला दिलेला शब्दच वेगळा असतो.

समजा, डेटवर बिल आलं आणि त्याच क्षणी समोरच्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेर गेला. वीस मिनिटांनी परतला, माफी मागितली, घरी कुणी आजारी असल्याचं सांगितलं आणि अर्धे पैसे दिले. सदरात हे सगळं यायला हवं. मजा त्या वीस मिनिटांतच आहे: तिने मनातल्या मनात त्याला किती शिव्या घातल्या, मैत्रिणीला काय मेसेज केला, आणि तो परत आल्यावर तो मेसेज कसा अंगावर आला. स्टेजवर मात्र तो परत येताच कामा नये. परत आला की हशा मेला. तिथे तो कायमचा पळतो, वेटर येऊन त्याच्या खुर्चीत बसतो, आणि “निदान याची नोकरी तरी पक्की आहे” म्हणत ती वेटरबरोबरच डेट पुरी करते. यात फसवणूक नाही. वेटर खरंच बसला होता का, असं हॉलमधलं कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. शो संपल्यावर गाठून “हे खरंच घडलं का हो?” विचारणारे माझ्या खास नावडत्या यादीत आहेत.

अमेरिकी विनोदकार फिलिस डिलर १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ या नाइटक्लबमध्ये उभ्या राहिल्या आणि पुढे कित्येक वर्षं ‘फँग’ नावाच्या नवऱ्याची टर उडवत राहिल्या. फँग हे पात्र होतं. त्यांच्या विनोदांची ५०,००० हून जास्त कार्डं आज स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहेत. ती कार्डं पडताळून पाहण्याचा विचारही कुणाच्या डोक्यात येणार नाही.

मग सदरात काहीच बदलत नाहीत का? बदलतात, पण उलट दिशेने. सदरकार समोरच्याचं नाव, पेशा, शहर बदलते ते त्याला लपवायला. किस्सा रंगवायला केलेला बदल तिथे चालत नाही, कारण शेजारच्याच स्तंभात बातमी छापलेली असते आणि वाचक त्याच विश्वासाने इकडे येतो. कँडेस बुशनेल यांनी १९९४ साली ‘न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर’मध्ये ‘सेक्स अँड द सिटी’ हे सदर सुरू केलं आणि पुढे त्यात स्वतःला कॅरी ब्रॅडशॉ हे नाव दिलं. तो लपवण्याचाच प्रकार. हेलन फील्डिंग यांची ब्रिजेट जोन्स, डायरी लिहिणारी एकटी तरुणी, १९९५ साली ‘इंडिपेंडंट’ या ब्रिटिश वर्तमानपत्रात आली ती मात्र पूर्ण कल्पित. तिला डेटिंग सदराचा नमुना म्हणून पुढे करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

म्हणजे स्टेजवर काहीही चालतं का? नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने अमेरिकी स्टँड-अप कलाकार हसन मिन्हाज यांच्या कार्यक्रमांतले प्रसंग तपासले. काही प्रसंग सांगितले तसे घडले नव्हते हे त्यांनी मान्य केलं आणि आपण ‘भावनिक सत्य’ सांगतो असा बचाव केला. त्यात शाळेच्या नृत्यसमारंभाला ऐन वेळी नकार मिळाल्याचा गाजलेला किस्साही होता. नकार देणाऱ्या त्या मुलीने वेगळी हकीगत सांगितली, शिवाय आपली ओळख पुरेशी न झाकल्याने वर्षानुवर्षं ऑनलाइन धमक्या आल्याचंही सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मिन्हाज यांनी व्हिडिओ काढून लेख दिशाभूल करणारा असल्याचं म्हटलं आणि आपली बाजू मांडली. कोण बरोबर, हा इथे मुद्दा नाही. फँगवरून कुणी भांडलं नाही आणि इथे भांडलं, कारण इथे किस्सा हसवून थांबत नव्हता, आरोप करत होता. तुम्ही माझ्या बाजूने संतापा असं प्रेक्षकाला सांगितलंत, की सदराचा नियम स्टेजवरही लागू होतो. ज्याच्याकडे माइक नाही त्याचा चेहरा झाकणं तर दोन्हीकडे बंधनकारक, आणि यात स्टेजवाले फार ढिले असतात. “तो इंजिनिअर, डावखुरा, या या कंपनीतला” हे कशाला हवं? डावखुरा असण्यावर जोक असेल तर तेवढंच ठेवा.

हा घोळ दोन्ही करणाऱ्यांच्याही अंगलट येतो, कारण जोक एका रात्रीत बनत नाही. तो रोज बोलला जातो आणि हशा जिथे आला तिथे वाकत जातो. आज वीस मिनिटांची चाळीस होतात, परवा तो परतायचाच बंद होतो. महिन्याभराने सांगणारीलाच मूळ प्रसंग धड आठवत नाही. सदर एकदा छापलं की तसंच राहतं, आणि पुढच्या आठवड्याला नवं द्यावंच लागतं. म्हणून माझं ठाम मत: किस्सा आधी सदरात जाऊ द्यावा, मग स्टेजवर. उलट केलं तर स्टेजवर घासून गुळगुळीत झालेलंच सदरात उतरतं. दर परिच्छेदाच्या शेवटी टाळीची जागा, मधे कुठेही संकोच नाही, आणि समोरचा माणूस पार कार्टून. असा लेख मला तिसऱ्या ओळीत ओळखू येतो. आणि स्टेजच आधी गाठायचं असेल, तर डेटवरून परतल्या रात्रीच घडलं तसं वहीत लिहून ठेवावं, त्याने अर्धे पैसे दिले होते हेसुद्धा.