वारणा ते दूधगंगा : रस्त्याला शेतीचं नाव द्यायचं म्हणजे

पुण्याकडून येताना वारणेचा पूल ओलांडला की घुणकी, किणी लागतात आणि कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. तिथून कागलच्या पुढं दूधगंगेच्या पुलापर्यंतचा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा पट्टा सरकारी कागदावर राष्ट्रीय महामार्ग ४८ चा एक तुकडा आहे. लोकांच्या तोंडात मात्र अजून 'एनएच फोर'च आहे. २०१० साली देशभरातले क्रमांक बदलले, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे मिळाले, त्यात जुना ४ गेला. रत्नागिरीहून येणारा २०४ तेव्हाच १६६ झाला. या बदलानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण क्रमांकाच्या भरवशावर इथं कुणी पत्ता सांगतच नाही. पत्ता सांगायचा तर वाठार फाटा, सांगली फाटा, तावडे हॉटेल, लक्ष्मी टेकडी. शिरोली नावाची गावं दोन-चार असतील, म्हणून इथली 'पुलाची शिरोली'. पूल आधी ओळखीचा झाला आणि गावाच्या नावात जाऊन बसला.

या पट्ट्याला इथल्या शेतीचं नाव द्यायचं झालं, तर ते काय असावं? अशा एखाद्या पट्ट्याला तिथल्या शेतीच्या सन्मानार्थ नाव द्यायची रीत परदेशात चांगली रुळलेली आहे. जर्मनीत १९३५ साली द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या रस्त्याला 'वाइन मार्ग' असं नाव मिळालं, फ्रान्सच्या अल्सास भागात तसाच रस्ता १९५३ पासून आहे. अमेरिकेत राज्यांची विधिमंडळं ठराव करून महामार्गाच्या ठरावीक तुकड्याला सन्माननाव देतात. क्रमांक तोच राहतो, दोन टोकांना फलक लागतात.

आपल्याकडं रस्त्याचं नाव म्हणजे माणसाचं नाव. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यशवंतराव चव्हाणांचा, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग बाळासाहेब ठाकऱ्यांचा. कोल्हापूर याला अपवाद नाही, उलट चार पावलं पुढंच आहे. रेल्वे स्टेशन शाहू महाराजांच्या नावानं, उजळाईवाडीचं विमानतळ राजाराम महाराजांच्या नावानं. पण या शहराचा नावांचा इतिहास जरा खोलात जाऊन पाहिला, तर तो शेतीपासून फार लांब नाही.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. तोवर इथला गूळ बैलगाडीनं जाईल तेवढाच जाई. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी स्टेशनला लागून त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी नवी पेठ वसवली, ती शाहूपुरी. नाव राजाचं, काम गुळाचं. रेल्वे दाराशी, व्यापाऱ्याला जागा दिलेली, त्यामुळं माल थेट लांबच्या बाजारात जाऊ लागला. गुजरात हे कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक, ते आजतागायत. गुळाची पेठ पुढं शाहू मार्केट यार्डात गेली. दिवाळीच्या पाडव्याला तिथं मुहूर्ताचे सौदे निघतात. शाहूपुरी आता दुकानं आणि लॉजनी भरली आहे, तरी जुनं माणूस 'पेठेत जाऊन येतो' म्हणालं की त्याला कोणती पेठ म्हणायची आहे हे विचारावं लागत नाही.

दुसरं उदाहरण राधानगरीचं. भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरण बांधायची योजना शाहू महाराजांनी १९०७ साली हाती घेतली. वसाहतीला मुलीचं नाव दिलं, राधाबाई अक्कासाहेबांवरून राधानगरी. जलाशय राणीच्या नावाचा, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. महाराज १९२२ साली वारले तेव्हा धरण अर्धवट होतं. पैशाअभावी थांबलेलं काम पुढच्या पिढीनं पुन्हा धरलं आणि पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. आठ टीएमसीवर पाणी धरणारं हे धरण स्वयंचलित दरवाजांसाठी ओळखलं जातं. पावसाळ्यात 'राधानगरीचं किती दार उघडलं' हा प्रश्न आमच्याकडं चहाच्या टपरीवर विचारला जातो, आणि उत्तर देणाऱ्याला आकडा पाठ असतो. तिसरं नाव जयसिंगपूर, महाराजांच्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं. तीही बाजारपेठच, तंबाखूसाठी गाजलेली.

तिन्ही ठिकाणी नाव घराण्यातलं आहे आणि त्याखाली शेतकऱ्याच्या उपयोगाची काही तरी सोय आहे : पेठ, पाणी, पेठ. नावं टिकली ती या सोयींमुळं, असं मला वाटतं. नुसत्या पाट्या दरबारात कमी निघाल्या नसतील, त्यातल्या कितीएक आज कुणाला आठवत नाहीत.

उलटा प्रवासही झाला आहे. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करायचे, पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी काढून घ्यायचे, हा बंधारा राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणून बांधला जातो. सरकारी अंदाजपत्रकात तर नुसतं 'को.प. बंधारा' लिहिलं तरी चालतं. विदर्भातल्या कुठल्या तरी ओढ्यावर आमच्या गावाचं नाव रोज उच्चारलं जातं आणि इथं कुणाला त्याचं कौतुक नाही. या बंधाऱ्यांवर आणि नदीकाठच्या उपसा पाणीपुरवठा संस्थांवर इथला ऊस उभा आहे. राधानगरीतून सोडलेलं पाणी बंधाऱ्या-बंधाऱ्यावर अडत खाली येतं, काठावरच्या मोटारी ते उचलतात, माळावर पाईप जातात. जिथं जोंधळा पिकत होता तिथं ऊस आला तो असा.

मग कारखाने आले. कसबा बावड्याची खासगी मिल आधीची. सहकारी कारखान्यांची रांग स्वातंत्र्यानंतरची. इचलकरंजीला देशभक्त रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा, वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांचा वारणा, मग कुडित्रे, बिद्री, परिते, शिरोळ, कागल. नकाशावर बघा, आपला पट्टा यांच्या मधोमध जातो. हंगामात रात्री टोपपासून उचगावपर्यंत गाडी चालवली तर पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, किंवा बैलगाडीच्या जागी आलेले 'अंगद', आणि मागचा लाल दिवा असला तर नशीब. रस्त्यावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या सांडलेल्या. उसाच्या गाडीमागं अडकलेला माणूस शिव्या देतो, आणि त्याचाही ऊस कुठं तरी तोडणीच्या चिठ्ठीची वाट बघत उभा असतो.

ऊस एकटा नाही. उसाचं बिल यायचं तेव्हा येतं, दुधाचं दहा दिवसांनी येतं. घर त्या दुधावर चालतं आणि म्हशीचं शेणपाणी बहुतेक घरांत बायकाच करतात. जिल्हा दूध संघ १९६३ चा. त्याची मोठी डेअरी याच रस्त्याला लागून, गोकुळ शिरगावच्या वसाहतीत. तिथून निघालेले टँकर मुंबईकडं जातात ते वारणेचा पूल ओलांडूनच. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, गडहिंग्लजच्या बाजारातली मिरची, पेठ वडगावचा बाजार, हे सगळं कुठं ना कुठं या रस्त्याला येऊन मिळतं. तेव्हा 'शेतीचं नाव' म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यासमोर ऊस उभा राहणार, हे जरा अन्यायाचंच आहे.

आणि गूळ? नावाची किंमत काय असते हे गुळाकडून शिकावं. बाजार समितीनं अर्ज करून कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळवलं. कारण सरळ होतं. बाहेरचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला जात होता, काही ठिकाणी साखर मिसळून. मानांकनानं कागद मिळाला. गुऱ्हाळ चालवायला मात्र गूळ शिजवणारा गुळव्या लागतो, चुलवाणाला जाळ घालणारा लागतो, काहिलीतली मळी काढणारा लागतो, आणि ही माणसं आता मिळत नाहीत. कारखान्यानं टनाला बरा दर दिला की ऊस तिकडं जातो. माझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर दोन गुऱ्हाळं होती, काकवीसाठी तांब्या घेऊन जायचो. आज त्या जागेवर एक मंगल कार्यालय आहे.

शेतकरी आणि हा रस्ता यांचं नातं नुसतं वाहतुकीचं राहिलेलं नाही. दर ठरवायचा तर रस्ता अडवायचा, ही रीत इथं मुरली आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणीचा आकडा जाहीर होतो आणि तो मिळाला नाही की आंदोलन महामार्गावर येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं पुलाच्या शिरोलीजवळ महामार्ग रोखला. आधीच्या हंगामातल्या उसाला टनामागं ४०० रुपये जादा, ही मूळ मागणी. तडजोड झाली ती अशी : तीन हजारांच्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी १०० रुपये द्यावेत, वर दिलेल्यांनी ५०. अडकलेल्या प्रवाशांचे हाल झाले, ते झालेच. पण बिलात वाढलेले ते पन्नास-शंभर रुपये याच डांबरावर बसून मिळवलेले होते.

रस्त्यानं शेतीचं केलेलं नुकसानही याच इतिहासात येतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. दूध गावात अडकलं. पंचगंगेच्या पूरक्षेत्रात रस्त्यासाठी घातलेला भराव पाण्याला आडवा येतो, फुगवटा वाढतो आणि काठावरचा ऊस जास्त दिवस पाण्याखाली राहतो, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी. भराव काढा, खांबांवर पूल करा, अशी मागणी सहापदरीकरणातही होत राहिली. ज्या तुकड्याला शेतीचं नाव द्यायचं, त्यातलाच एक तुकडा शेती बुडवतो असं शेतकरी म्हणतात. उद्या नाव द्यायला एखादी समिती बसलीच, तर तिनं ही फाईलही मागवावी.

नव्या रस्त्याचं तर नावच वादात पुढं आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला देवीचा आधार घेतलेला. पण अंबाबाईच्याच जिल्ह्यात २०२४ पासून त्याला कडाडून विरोध झाला, कारण आखणी बागायती जमिनीतून जात होती. नाव कितीही पवित्र असो, सातबारा त्याहून जवळचा.

राहिला हद्दीचा प्रश्न. पट्टा वारणा ते दूधगंगा धरला तर मधे पंचगंगा येते, तीन खोरी एका रस्त्यात बसतात, आणि फलकावर पिकाचं नाव न लिहिता तीन नद्यांचं खोरं एवढंच लिहिता येईल. ऊसवाला, दूधवाला, भातवाला, कुणालाच वगळल्यासारखं वाटणार नाही. मला स्वतःला हे नाव पटतं. अडचण पुढं आहे. या महामार्गावरची शेतकऱ्यांची सगळ्यात मोठी लढाई १९८१ सालची, निपाणीच्या तंबाखू उत्पादकांची. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी कित्येक दिवस याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते, आणि शेवटी पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही जण मेले. कागल-गडहिंग्लजकडंही तेव्हा तंबाखू होता, त्यामुळं ती बातमी इकडच्या घरांतही पोचली होती. ती जागा दूधगंगेच्या पलीकडं आहे, कर्नाटकात. ठराव मुंबईत झाला तर फलक अलीकडच्या काठावर संपणार, आणि निपाणी तिथून पंधरा-वीस मिनिटांवर.