जैवसुरक्षा : कोकणातील प्रयोगशाळा आणि आरोग्य-विद्यार्थी

रोगजंतूंशी रोजचा संबंध येणाऱ्यांना, आणि त्यांच्यामार्फत घरच्यांना व इतर रुग्णांना, संसर्ग होऊ नये म्हणून पाळायची कामाची शिस्त, वापरायची साधने आणि खोलीची रचना या सगळ्याला मिळून जैवसुरक्षा म्हणतात. जंतू किती घातक, हवेतून पसरतो का, त्यावर लस किंवा औषध आहे का, हे पाहून प्रयोगशाळांच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत, चौथी सर्वांत कडक. क्षयाच्या जंतूची वाढ करायची तर तिसरी पातळी लागते. चौथ्या पातळीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत २०१२ मध्ये सुरू झाली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील तपासणीचे बहुतेक काम दुसऱ्या पातळीचे असते. लिहिणारे चौथ्या पातळीबद्दल भरभरून लिहितात. कोकणातला खरा प्रश्न एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यातल्या लॅबमध्ये असतो, जिथे टेबल, सेंट्रिफ्यूज (रक्ताच्या नळ्या वेगाने फिरवणारे यंत्र), फ्रिज आणि जेवणाचा डबा एकाच खोलीत नांदतात.

पावसाळ्यातील तापाचे रक्त. लावणीपासून कापणीपर्यंत लॅबमध्ये येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द असतो : ‘ताप’. तो मलेरियाचा असेल, डेंग्यूचा, लेप्टोचा, स्क्रब टायफसचा किंवा टायफॉइडचा. नळी तर हे निदान व्हायच्या आधीच हातात घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक नळी संसर्गजन्यच धरावी, हा नियम इथे अतिसावधपणाचा वाटत नाही. लेप्टोचा जंतू लेप्टोस्पायरा पहिल्या आठवड्यात रक्तात आणि पुढे लघवीत सापडतो. तो खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यातून, तोंडातून शिरतो. जिल्ह्याच्या पातळीवर बहुधा रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी होते, तिच्यात जिवंत जंतू लागत नाही. निदान पक्के करणाऱ्या ‘मॅट’ या संदर्भ-चाचणीसाठी मात्र जिवंत लेप्टोस्पायरा वाढवून ठेवावे लागतात आणि तिथला धोका वेगळ्याच जातीचा असतो. बोटाला चीर पडलेला तंत्रज्ञ सकाळी स्वतःच्या शेतात चिखल तुडवून आलेला असेल, तर त्याला लेप्टो लॅबमध्ये लागला की बांधावर, हे शोधणे जवळपास अशक्यच.

सुई. आरोग्य-विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त विचार करावा असा अपघात हाच. रक्त काढून झाले की सुईला पुन्हा टोपण लावायची सवय हाताला असते. टोपण डाव्या हातात, सुई उजव्या, नेम चुकला की डाव्या तर्जनीत. दुसरी जागा म्हणजे सिरिंजमधले रक्त बंद नळीच्या बुचातून सुई खुपसून आत सोडणे. रक्त थेट आत ओढून घेणारी निर्वात नळी, म्हणजे व्हॅक्युटेनर, वापरला तर हा टप्पाच उरत नाही. तिसरी जागा ट्रे आवरताना कापसाच्या बोळ्याखाली लपलेली सुई, आणि ती बहुतेक वेळा जिने वापरली तिला टोचत नाही, आवरणाऱ्या मावशींना टोचते.

बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सीचा धोका जुन्या पाहण्यांनुसार १.८ टक्के होता, नवे आकडे त्याहून बरेच कमी आहेत. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के असतो, आणि हा विषाणू टेबलावर वाळलेल्या डागातही सात दिवस तग धरतो. तरी विद्यार्थी घाबरतात ते एचआयव्हीला. बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीनदा घ्यायची. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी १० एककांवर गेली का ते तपासायचे. दोन डोस घेऊन तिसरा विसरणारे पुष्कळ, आणि पातळी तपासणारे विरळाच.

सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी. बोट पिळणे, तोंडात घालणे, त्यावर स्पिरिट ओतणे यांतले काही करू नये. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावीत. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग मानला जात नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात.

न दिसणारे अपघात. व्हिएन्नात १८४७ मध्ये शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याची सुरी प्राध्यापक कोलेच्का यांना लागली आणि ते दगावले. त्यावरूनच त्यांचे मित्र डॉक्टर सेमेलवाइस यांना हात धुण्याचे महत्त्व उमगले. पण प्रयोगशाळेत लागलेल्या संसर्गांचा धांडोळा घेणाऱ्या पाइक यांच्या १९७६ च्या पाहणीत ठळक अपघात सांगता आला असे रुग्ण पाचांतला एकही भरत नव्हते. उरलेल्यांत संशय जातो तो बारीक तुषारांवर. सेंट्रिफ्यूज फिरताना खट्ट असा आवाज आला म्हणजे नळी फुटली. झाकण लगेच उघडण्याचा मोह होतोच, कारण बाहेर रिपोर्टसाठी नातेवाईक ताटकळलेले असतात. यंत्र बंद करून झाकण अर्धा तास तसेच ठेवावे, मग जाड हातमोजे घालून काचा चिमट्याने उचलाव्यात. रक्त सांडल्यास आधी कागद पसरून त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) कडेकडून आत ओतावे. कोकणच्या उष्म्यात हे द्रावण लवकर निकामी होते, म्हणून ते रोज सकाळी ताजे करावे. सोमवारी भरलेली बाटली शनिवारी केवळ वासापुरती उरते.

माकडताप. शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला हा गोचिडीजन्य आजार २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला दिसू लागला. काजूच्या हंगामात बागेत वावरणाऱ्यांना तो गाठतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागण झाल्याच्या याच्या नोंदी बऱ्याच आहेत; अमेरिकेत हा विषाणू चौथ्या पातळीत धरतात. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतो, म्हणून नमुना तिहेरी वेष्टनात पाठवतात : नळी, तिच्याभोवती कापूस व गळती न होणारा डबा, बाहेरून बर्फाच्या पिशव्यांसह खोका. मेलेले माकड पाहायला गर्दी जमते तिथेही जपायला हवे. गार पडलेल्या अंगावरून गोचिडी उतरून जवळच्या उबदार अंगाकडे सरकतात.

कचरा आणि वीज. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा आणि काचेसाठी निळा खोका ठरवून दिला आहे. रक्ताचे नमुने व जंतूंची कल्चर (वाढवलेले जंतू) लॅबमध्येच निर्जंतुक करून मग द्यायची. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने किमान एक तास चालवावा लागतो. पावसात चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली तर मोजणी शून्यापासून. घाटात दरड कोसळली की गाडी येत नाही आणि पिशव्या मागच्या पडवीत साठतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हासारखा पूर आला, तर जमिनीलगत ठेवलेला सगळा साठा वाहून जाऊ शकतो. डबे माळ्यावर ठेवण्याची तजवीज जूनआधी करणे एवढाच उपाय हाती राहतो.

विद्यार्थ्याची जागा. डेरवण, पडवे ही वैद्यकीय शिक्षणाची जुनी ठिकाणे आणि अलीकडे अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी येथील शासकीय महाविद्यालये यांमुळे कोकणात शिकाऊ हात वाढले आहेत. परिचर्या आणि डीएमएलटी (प्रयोगशाळा-तंत्रज्ञान पदविका) यांचे विद्यार्थी वेगळेच. नियमांनुसार आरोग्य-कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे संस्थेवर बंधनकारक आहे. विद्यार्थी मात्र पगारपत्रकावर नसतो आणि केसपेपरवरही नसतो, त्यामुळे त्याची लस प्रवेशाच्या फाइलमधल्या एका प्रमाणपत्रावर भागते. सुई टोचल्यावर ‘मॅडम ओरडतील’ म्हणून तो गप्प राहतो. त्यातून रात्रपाळी असेल, अपघाताची वही कपाटात आणि कपाटाची किल्ली सिस्टरांच्या घरी असेल, तर औषधे सुरू करण्याचे ते दोन तास तिथेच निघून जातात.