रिॲक्ट येतं की नेक्स्ट येतं?

"सर, मले नेक्स्ट येते. रिॲक्ट मात्र शिकलो नाही."

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका ऑफिसात नव्या पोरापोरींच्या मुलाखती घेताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. रिॲक्ट आणि नेक्स्ट ही दोन्ही जावास्क्रिप्ट या भाषेत वेबसाइट बनवायची साधनं. दुसरंही एक ऐकतो: "रिॲक्ट आता जुनं झालं ना, म्हणून नेक्स्ट घेतलं." असं बोलणारी पोरं मेहनती असतात, रात्र रात्र बसून शिकलेली असतात. पण क्लासच्या फलकावर ही दोन नावं वेगवेगळी फी लावून शेजारीशेजारी लिहिलेली असली, की यातलं एक निवडायचं असतं असंच कुणालाही वाटेल.

तसं नाही. नेक्स्टच्या पोटात रिॲक्टच आहे. घरच्या लग्नाला आचारी बोलावला, तर तो स्वयंपाक करतो. मांडव, भांडी, पाणी, पंगत कुठे बसवायची हे तुमचं तुम्ही बघायचं. मंगल कार्यालय घेतलं, तर हे सगळं तयार मिळतं, पण त्यांच्या वेळा आणि त्यांचे नियम पाळावे लागतात. आणि कार्यालयातही रांधतो आचारीच. रिॲक्ट हा आचारी, नेक्स्ट हे कार्यालय.

रिॲक्ट फेसबुकने मे 2013 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचं काम एकच: डेटा बदलला की स्क्रीनचा तेवढाच भाग बदलायचा. कंपोनंट (स्क्रीनचा एक तुकडा), प्रॉप्स (त्याला बाहेरून मिळणारी माहिती), स्टेट (त्याची स्वतःची बदलणारी माहिती), यूजस्टेट, यूजइफेक्ट ही सगळी रिॲक्टची मंडळी. एका पानावरून दुसऱ्या पानावर कसं जायचं, डेटा कुठून आणायचा, याबद्दल ते फारसं बोलत नाही, म्हणूनच त्याला लायब्ररी म्हणतात. ऑक्टोबर 2016 मध्ये तेव्हा झाइट आणि आज व्हर्सेल नाव असलेल्या कंपनीने नेक्स्ट आणलं. फोल्डरच्या नावावरून पानाचा पत्ता तयार होणं, लेआउट, लिंक, इमेज आणि मुख्य म्हणजे पान सर्व्हरवरच तयार करून पाठवणं, हे नेक्स्टचं.

ही शेवटची गोष्ट डोळ्यांनी बघा. समजा, कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं एक छोटं पान तुम्ही दोनदा बनवलं: एकदा व्हीट (प्रोजेक्ट उभा करून चालवणारं साधन) वापरून नुसत्या रिॲक्टमध्ये, एकदा नेक्स्टमध्ये. ब्राउझरमध्ये दोन्ही सारखीच दिसतील. आता राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडा. 'इन्स्पेक्ट' नको, तिथे जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं चित्र दिसतं आणि फरक कळत नाही. रिॲक्टच्या पानाच्या सोर्समध्ये रूट नावाचा एक रिकामा डिव्ह, म्हणजे रिकामा डबा, आणि एक स्क्रिप्ट, बस. संत्रं नाही, भाव नाही. नेक्स्टच्या पानात अंबिया बहाराचा भाव एचटीएमएलमध्येच, म्हणजे सर्व्हरवरून आलेल्या पानाच्या मजकुरातच, लिहिलेला सापडेल, अर्थात भाव सर्व्हरवर आणला असेल तर. काटोलकडच्या शेतात नेटवर्कची एखादीच काडी असते. तिथे पहिल्या पानाने स्क्रिप्ट येईपर्यंत पांढरा पडदा दाखवला आणि दुसऱ्याने भाव दाखवला, तर शेतकऱ्याला तो फरक लगेच जाणवतो.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली शीर्षक आणि चित्राचा चौकोन येतो, तोही इथूनच. तो चौकोन बनवताना तुमची जावास्क्रिप्ट चालवली जात नाही, आलेलं एचटीएमएल फक्त वाचलं जातं. नुसत्या रिॲक्टच्या साइटवर सगळ्या पानांना एकच एचटीएमएल फाइल असते, म्हणून कुठलीही लिंक टाका, चौकोन तोच. ज्यांचा सगळा धंदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतो, त्यांच्यासाठी ही बाब लहान नाही.

पण सर्व्हर मध्ये आला की त्याची दुखणीही येतात, आणि मला सर्वात जास्त कळकळ याचीच वाटते. एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टमध्ये भावाखाली "शेवटचा बदल" म्हणून वेळ होती. तिच्या लॅपटॉपवर सगळं चोख. साइट ऑनलाइन टाकली, तर वेळ आधी 5:30 दिसायची आणि क्षणात 11:00 व्हायची. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दाखवणाऱ्या खिडकीत) हायड्रेशनची, म्हणजे सर्व्हरचं पान ब्राउझरमध्ये जुळवून घेण्याची, लाल एरर. दोन दिवस ती डेटाबेस तपासत होती. डेटा बरोबरच होता. पान पहिल्यांदा सर्व्हरवर तयार झालं, तिथलं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. मग तेच पान ब्राउझरमध्ये रिॲक्टने पुन्हा जुळवून पाहिलं, तिथलं घड्याळ भारतीय, साडेपाच तास पुढे. दोन्हींचं जमलं नाही. लॅपटॉपवर सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही नागपूरच्याच वेळेवर, म्हणून तिथे चूक दिसलीच नाही. वेळ छापताना एशिया-कोलकाता हा टाइमझोन लिहिल्यावर काम झालं, एका ओळीचं. ती हुशार आहे. फक्त एकच कंपोनंट दोन ठिकाणी चालतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "विंडो इज नॉट डिफाइन्ड" ही एररही त्याच घरातली: सर्व्हरवर ब्राउझरची खिडकी नसतेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी रिॲक्ट. रिॲक्टची स्वतःची कागदपत्रं आज नव्या प्रोजेक्टला फ्रेमवर्कपासून, म्हणजे नेक्स्टसारख्या तयार चौकटीपासून, सुरुवात करा म्हणतात, आणि नोकरीतल्या कामासाठी ते योग्यच आहे. पण शिकताना एका वेळी एकच आघाडी असावी. सहा-आठ आठवडे व्हीटवर नुसतं रिॲक्ट करा. स्टेट बदलल्यावर काय पुन्हा चालतं, यूजइफेक्ट कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे हाताला कळू द्या. मग नेक्स्टमध्ये गेलात की नवं काय आणि ओळखीचं काय, ते आपोआप वेगळं दिसेल.

काही कामांना नेक्स्ट लागतही नाही. बुटीबोरीच्या कारखान्यातली स्टॉकची नोंद, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं रजिस्टर: लॉगिनच्या मागे चालणारी ही कामं गूगलला दाखवायची नसतात. तिथे रिॲक्टचा बिल्ड (कोडची तयार आवृत्ती) काढला की साध्या फाइली मिळतात, त्या स्वस्तातल्या होस्टिंगवरही चालतात. नेक्स्टची सर्व्हरवरची कामं वापरायची तर मागे नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालू ठेवावा लागतो.

क्लास किंवा व्हिडिओ निवडताना दोन खुणा बघा. रिॲक्टचा धडा 'क्रिएट रिॲक्ट ॲप'ने सुरू होत असेल, तर तो जुना आहे. रिॲक्टच्या टीमने ते साधन फेब्रुवारी 2025 मध्ये अधिकृतपणे बाजूला ठेवलं. नेक्स्टच्या धड्यात 'पेजेस' फोल्डर आहे की 'ॲप' फोल्डर, ते बघा. 'ॲप' फोल्डरची नवी पद्धत, म्हणजे ॲप राउटर, 2022 च्या नेक्स्ट 13 सोबत आला आणि मे 2023 मध्ये पक्का झाला. दोन्ही पद्धती चालतात, पण सरमिसळ केली की डोकं फिरतं: जुन्यात यूजराउटर (कोडमधून पान बदलायचं साधन) 'नेक्स्ट-राउटर'मधून येतो, नव्यात 'नेक्स्ट-नेव्हिगेशन'मधून. ॲप फोल्डरमध्ये जुनी ओळ चिकटवलेली असेल, तर एरर तिथेच आहे. बाकीचा कोड तपासत बसू नका.